आढीतली वाघाटी

लालबागला माझ्या मामाच्या खोलीत मे महिन्यात पाहुणा म्हणून जाऊ नये. खाट असते, पण खाटेखाली आंबे असतात, आणि घरात माणसांपेक्षा आंब्यांची बडदास्त जास्त असते. गावाहून कच्चे आंबे आणायचे, खाटेखाली भाताच्या पेंढ्याचा थर घालायचा, त्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा पेंढा पसरायचा आणि ते पिकेपर्यंत सगळ्यांनी पाय पोटाशी घेऊन वावरायचं, ह्याला आढी म्हणतात. बाजारात पिकलेला आंबा मिळतो हे मामाला मान्य नाही. मुंबईत मिळणारा पेंढासुद्धा त्याला चालत नाही. "तेका वास नाय," म्हणतो. म्हणून दर वर्षी आंब्याच्या पेट्यांबरोबर पेंढ्याचं एक ठासून भरलेलं पोतंही बसच्या डिकीतून लालबागला येतं. त्या पोत्यावरून मी मामाची पुष्कळ टिंगल केली आहे. गेल्या वर्षापासून करत नाही.

मी परळला राहते, भोईवाड्याच्या बाजूला, आणि ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बारावीला नैसर्गिक निवड शिकवायची असते आणि दर वर्षी माझ्या तोंडी तेच इंग्लंडमधले पतंग असतात: गिरण्यांच्या धुरानं झाडं काळवंडली, पांढरे पतंग पक्ष्यांना दिसू लागले, काळे वाचले. मुलं पाठ करतात, लिहितात, मार्क घेतात. वर्गाच्या खिडकीतून एका बंद गिरणीची चिमणी दिसते, तिच्याकडे एकही मूल बघत नाही. मी तापट आहे, त्यामुळे त्यावरून ओरडते. मुलं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी माझा वाटा न्यायला मामाकडे गेले. चाळीखाली मसाल्याचे डंक धपाधप चालू होते आणि जिन्यातच मिरचीचा ठसका लागला. मामी जमिनीवर बसून खाटेखाली हात घालून आंबे चाचपत होती. पिकलेला आंबा ती बोटांनी ओळखते. तिनं एकदम हात मागे घेतला.

"अगो बाय माझे, ह्यां काय गरम लागतां?"

"आढी गरमच आसता," मामा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"केस आसत तेका."

"मगे उंदीर आसतलो."

मामा झाडू घेऊन आला. नशीब, मी आधी वाकले आणि मोबाइलचा टॉर्च मारला. आंब्यांच्या मधल्या खळग्यात, पेंढ्यात अंग चोरून, मुठीएवढं काहीतरी बसलं होतं. हललं नाही. टॉर्च थेट तोंडावर होता तरी हललं नाही. डोक्याच्या मानानं फार मोठे डोळे, कपाळावरून मागे गेलेल्या गडद रेघा, डोळ्यांच्या आतल्या कडेनं पांढरे पट्टे आणि पाठीवर ओळीनं काळे ठिपके. मोठं झाल्यावर हेच ठिपके गंजाच्या रंगाचे होतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ही जात मी तोवर फोटोतच पाहिली होती.

"मांजराचां पिल्लू गो," मामी हरखून म्हणाली. "दूध दी तेका."

"दूध नको. हे घरातलं मांजर नाही, मामी. ही वाघाटी आहे."

मामानं झाडू खाली ठेवला. वाघाटी हा शब्द त्याला माहीत होता, लहानपणी गावात ऐकलेला. जनावर त्यानंही पाहिलं नव्हतं. पाहणारे फार थोडेच. जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी हे एक, पूर्ण वाढलं तरी किलो-दीड किलोचं. रान कमी होत चाललंय तशी ही जातही. कायद्यानं हिला बिबट्याइतकंच संरक्षण आहे. मी हे सगळं वर्गात सांगावं तसं भराभरा सांगत होते आणि सांगता सांगता माझ्या लक्षात येत होतं की ह्यातल्या एकाही वाक्याचा त्या पिल्लाला उपयोग नाही.

ते आलं कसं, ह्याचा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मामा शुक्रवारी सकाळी गावाहून आला होता. गावाला घरामागे मांगर आहे, म्हणजे शेतातली सामान-पेंढा ठेवायची खोपी. वाघाटी असल्याच आडोशाला पिल्लं घालते: झाडाची ढोली, दगडांची कपार, नाहीतर माणसाचं फारसं जाणंयेणं नसलेलं छप्पर. आई शिकारीला गेली की पिल्लानं एकच करायचं. गप्प पडून राहायचं. मामानं गुरुवारी दुपारी पेंढ्याच्या कवळ्या उचलून पोत्यात कोंबल्या, पायानं दाबल्या, सुतळीनं तोंड शिवलं. पोतं डिकीत गेलं, रात्रभर घाटातून हिंदकळत लालबागला उतरलं, तीन जिने चढलं, खाटेखाली रिकामं झालं, वर आंबे मांडले गेले. एवढ्या सगळ्यात पिल्लानं तोंडातून आवाज काढला नाही.

"एकदा जरी वराडला असता," मामा म्हणाला, "तरी माका कळला असता."

तो हे रागानं बोलला. राग पिल्लावर नव्हता, पण दुसरं समोर कुणी नव्हतं. मला त्याला सांगावंसं वाटलं, आणि मी सांगितलंही, की अरे, ते ओरडणार नाहीच. ओरडणारी पिल्लं कधीच संपली. किती पिढ्यांमागे कोण जाणे, एका विणीतलं एक पिल्लू पाऊल वाजल्यावर कळवळलं असेल आणि कोल्ह्यानं उचललं असेल. दुसरं स्वभावानंच मुखदुर्बळ निघालं, ते वाचलं, मोठं झालं, त्याची पिल्लं मुखदुर्बळ झाली. निवड करणारं वर कुणी बसलेलं नसतं. मरणारे मरतात आणि उरतात त्यांचा स्वभाव पुढे जातो, एवढंच. ह्या पिल्लाचा गप्पपणा तसा हजारो वर्षं गाळून आला होता. त्याचे ठिपके वाळक्या पानांवर पडलेल्या उन्हासाठी होते, डोळे अंधारासाठी, आणि शरीर इतकं लहान की उंदीर-बेडकांवर भागावं, मोठ्या जनावराच्या वाटेला जाऊच नये. त्यात पोत्यासाठी काही नव्हतं. सुतळीसाठी काही नव्हतं.

मामानं सगळं ऐकून घेतलं. तो गिरणीत कामाला होता, यंत्राचं सांगावं तसं सांगितलं की त्याला बरोबर कळतं.

"मगे आता काय?" तो म्हणाला. "आता वराडणारी जगतली?"

बारावीच्या एकाही मुलानं मला असा प्रश्न विचारलेला नाही. तत्त्वतः हो, मी म्हणाले. पण त्याला पिढ्या लागतात, आणि पिढ्यांना पिल्लं लागतात, पुष्कळ. हिच्या विणीत एक, दोन, फार तर तीन. निवड व्हायला निवडण्याइतके जीव तरी शिल्लक हवेत. आपण वेळही देत नाही आणि जीवही उरू देत नाही. मामानं झाडू उचलून कोपऱ्यात ठेवला. मला उगाचच जिंकल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

मामीनं मधल्या वेळात बशीत पाणी ठेवलं होतं. पिल्लानं बशीकडे पाहिलंसुद्धा नाही. गुरुवार दुपारपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. बाजूच्या कातडीला हळूच चिमटा घेतला तर ती लवकर खाली बसेना, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. मी वन खात्याच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, फोटो मागवला, म्हणाला, "मॅडम, दूध देऊ नका, हाताळू नका, आम्ही निघतो." मग त्यानं विचारलं, "आई तिथेच असेल का अजून? असेल तर परत ठेवून बघता येईल."

मी ते मामाला सांगितलं आणि खोलीत एकदम जीव आला. मामा उठून शर्ट घालायलाच लागला. "मी संध्याकाळच्या गाडयेन जातंय आणि जंयसून आणलंय थंय ठेवून येतंय," म्हणाला. मी म्हटलं, असं पिशवीत घालून नेता येत नाही, गुन्हा आहे, ते लोक नेतील, आधी गावाला फोन कर. त्यानं धाकट्या मामाला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. धाकटा मामा गावाला घर सांभाळतो.

"अरे, मांगरात वाघाटी होती रे," मामा म्हणाला. "पिल्लू तिचा माझ्याबरोबर इला. पेंढ्यातून."

मग धाकटा मामा म्हणाला, "म्हणजे ती होती!"

गुरुवारच्या रात्री आणि शुक्रवारच्याही रात्री मांगराभोवती कसलातरी आवाज फिरत होता. त्याला घुबड वाटलं, मग आणखी भलतंच काही वाटलं, म्हणून त्यानं तो मोबाइलवर रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकला होता, 'ह्यो आवाज कसलो? वळखा.' ग्रुपवर दोन दिवस त्याच्यावर विनोद चालू होते. कुणी घुबड म्हटलं, कुणी धाकट्या मामीचं नाव घेतलं. मी तो ग्रुप बंद करून ठेवलेला असतो, कारण तिथे रोज सकाळी फुलं येतात.

"काल रातीक?" मी विचारलं.

"काल नाय. काल काय एक नाय." मग म्हणाला, "काल फाटे उजाडताना मी तिका बघलंय गो. तोंडात एक पिल्लू धरून व्हाळापलीकडे गेली. माका वाटला, बोको उंदीर घेऊन जाता."

व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, डोंगर आहे आणि डोंगरभर काजू. तिथून तिला शोधायचं म्हणजे गवतात सुई. मी फोनवरच्या वनखात्याच्या माणसाला हे कळवलं, तेव्हा तो "अरेरे" एवढंच म्हणाला. मला त्या आईचा हिशेब कळत होता, तेच वाईट होतं. दोन रात्री तिनं हाका मारल्या. हाका मारणं म्हणजे आपण कुठे आहोत हे सगळ्या रानाला सांगणं. जी आई गेलेल्यासाठी हाका मारतच राहिली, तिचं उरलेलंही गेलं असेल कधीकाळी. जी उरलेलं उचलून निघाली, तिचा वंश आज आहे. तिनं बरोबर केलं. मला ती चुकायला हवी होती. तिनं तिसऱ्या रात्री यावं, मूर्खासारखं मांगराच्या दाराशी बसून राहावं, एवढंच मला हवं होतं.

फोन ठेवल्यावर मामानं ग्रुप उघडला. मला वाटलं तो रेकॉर्डिंगची वेळ पाहतोय. त्यानं तो आवाज लावला.

म्याव नव्हतं ते. आखूड, घशातल्या घशात तुटलेली हाक, मग थांबणं, मग पुन्हा हाक. मागे रातकिडे. तिसऱ्या हाकेला खाटेखाली पेंढा खसखसला आणि इतका वेळ दगड होऊन बसलेलं पिल्लू आंब्यांवरून धडपडत बाहेर आलं. तोंड उघडून ओरडत आलं. एवढ्याशा जीवात एवढा आवाज होता हे आम्हाला तेव्हा कळलं. ते सरळ मामाच्या पायापाशी गेलं, मान वर करून फोनकडे पाहू लागलं, त्याच्या लेंग्याला नख्या लावून चढू लागलं.

"बंद कर! बंद कर तां!" मामी किंचाळली.

मामाच्या हातून फोनच पडला. आवाज थांबला. पिल्लानं फोन हुंगला, त्याच्याभोवती एक फेरी मारली, मग आमच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच आम्ही त्याला दिसलो असणार. पुढच्या क्षणी ते भिंतीला लावलेल्या लोखंडी ट्रंकांच्या मागे नाहीसं झालं. मामी पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन उभी राहिली. मला रडू आलं नाही, मला राग आला. कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

दुपारी वनखात्याची दोन माणसं आली. जाळीची पेटी, जाड हातमोजे, टॉवेल. भले होते बिचारे. आत येताना चपला काढल्या. ट्रंकांची रांग म्हणजे मामाच्या घरातली तीन लग्नं आणि सगळी भांडीकुंडी. वर माळा, मागे भिंतीची फट. एक ट्रंक सरकवली की पिल्लू दुसरीच्या मागे. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात जुन्या नळाचं भोक होतं, तिथे ते शिरलं आणि हात पोचेना. टॉर्चमध्ये दोन डोळे दिसत होते. आवाज नाही. खालून डंकाची धपधप तेवढी.

"आणखी आत गेलं तर भिंत फोडावी लागेल," त्यांच्यातला मोठा म्हणाला. "आणि संध्याकाळपर्यंत पाणी नाही गेलं पोटात, तर कठीण आहे." मग सहज विचारल्यासारखं, "सकाळी बाहेर कसं आलं होतं म्हणालात?"

मामा माझ्याकडे बघत होता, मामी जमिनीकडे. शेवटी मीच सांगितलं.

"मग तेच लावा," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. दुसरा काही उपाय मलाही सुचत नव्हता.

"नको गो," मामा मला म्हणाला, त्याला नाही. "फशिवणां झाला ता."

"मामा, मरेल ते."

"म्हायत आसा माका." मी फोन घ्यायला हात पुढे केला, पण त्यानं दिला नाही. "मीच आणलंय तेका," म्हणाला. फोन जमिनीवर ठेवला, पुढ्यात टॉवेल धरून मोठा माणूस गुडघ्यावर बसला, आणि मामानं बोटानं ती हाक लावली.

आईच्या हाकेला शंका घेणारी पिल्लं कधी झालीच असतील तर तीही कधीच संपली. गप्प राहायचं कधीपर्यंत, तर ही हाक येईपर्यंत. मग मात्र थांबायचं नाही. सकाळी एकदा फसलेलं ते पिल्लू दुसऱ्यांदा आलं. अशक्तपणानं मागचे पाय घसरत होते तरी आलं. ओरडत आलं, फोनवर चढलं आणि त्याच्यावर पोट टेकून बसलं. टॉवेल पडला तेव्हा ते अंगाखालच्या आवाजाला उत्तर देत होतं.

पेटीचं दार लागलं. आता ते गप्प होईल असं मला वाटलं, पकडलेलं जनावर होतं तसं. ते झालं नाही. तीन जिने उतरताना ते हाका मारत होतं, चाळीतली माणसं गॅलरीत आली होती, कुणीतरी विचारलं, "काय पकडलं?" मामा कठड्याला धरून उभा होता. हातातला फोन अजून चालूच होता, रातकिड्यांसकट; बंद करायचं त्याला सुचलं नाही. मी त्याच्या हातून घेऊन बंद केला.

पिल्लू जगलं. अधूनमधून मी वनखात्याच्या त्या मोठ्या माणसाला फोन करत असे. वजन वाढतंय, खातंय, ठिपके गंजू लागलेत. रानात सोडणार का, असं मी दर वेळी विचारायची आणि तो दर वेळी "बघू" म्हणायचा. यंदा एप्रिलमध्ये तो आपणहून म्हणाला की नाही सोडता येणार. मग मला बरं वाटावं म्हणून आनंदानं म्हणाला, "पण मॅडम, छान माणसाळलंय. लपत नाही काही नाही. पाऊल वाजलं की ओरडत पुढे येतं."

तेव्हा मी लालबागला मामासमोर बसले होते. यंदा पेंढा आणला नव्हता; आंबे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते आणि धड पिकत नव्हते, पण त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं.

"काय म्हणता?" मामानं विचारलं. "बरा आसा मा?"

"बरं आहे."

"अजून गप्पच बसता काय?"

"नाही," मी म्हटलं. "हाका मारतं. माणूस दिसलं की."

मामानं मान हलवली. मग बराच वेळ तो एकाच आंब्याचा कागद सोडत होता आणि परत गुंडाळत होता.